कौलावरचे १८६५

माझ्या आजोळच्या घराला आमच्याकडे सगळे पेशवेकालीन म्हणत आले. ठाण्यात मासुंदा तलावापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, जुन्या वस्तीतल्या एका अरुंद आळीत ते उभे आहे. पुढे दगडी जोत्यावरचा ओटा, मग ओटी, ओटीमागे माजघर, माजघराच्या कडेने मागे जाणारा बोळ, बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, परसात विहीर आणि ओटीच्या डोक्यावर एक लहानशी माडी, एवढाच त्याचा पसारा. पाहुणा आला की मामा त्याला माजघरातल्या दोन सुरूदार खांबांपाशी नेत आणि चिमाजी अप्पांच्या फौजेबरोबर आलेल्या मूळ पुरुषाला ही जागा कशी मिळाली, ते सांगत. ती हकीकत मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की खांबावर हात ठेवला की तीच आठवते. त्याच घरात दुसरीही एक समजूत नांदत होती. छपरावरून पडून फुटलेल्या एका कौलाचा तुकडा मामेभावाने जपून ठेवला होता आणि त्यावर इंग्रजी आकड्यांत १८६५ असे उठावदार उमटलेले होते, त्यामुळे घरातली तरुण मंडळी बांधकाम १८६५चे धरत. चिमाजी अप्पांचा काळ आणि १८६५ यांच्यामध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे, पण या दोन गोष्टींची सांगड कशी घालायची, असे आमच्यापैकी कुणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही.

तो प्रश्न विचारायची वेळ आली ती छपरामुळे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माडीवरची कौले सरकली, पाणी तक्तपोशीतून ओटीच्या तुळईपर्यंत उतरले आणि दिवाळीनंतर सुताराने वर चढून पाहिले तेव्हा सात-आठ वासे टोकांशी कुजलेले निघाले. नुसती कौले परतून भागणार नव्हते. छप्पर पूर्ण उतरवूनच पुन्हा बांधावे लागणार होते. माझ्या मुलीची एक मैत्रीण त्या वेळी वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षात शिकत होती. ती सहज घर पाहायला आली आणि जाताना मला म्हणाली, “मावशी, एकही कौल काढायच्या आधी घर आहे तसं कागदावर उतरवून घ्या. छप्पर खाली आलं की निम्मा पुरावा त्याच्याबरोबर जातो.” पुरावा हा शब्द माझ्या मनात राहिला. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. बांधकामाचे मला काही कळत नव्हते. पण कागद, आकडे आणि ताळमेळ यांची सवय होती. मोजणी तिच्या देखरेखीखाली मी आणि मामेभावाने करायची, असे ठरले. तीन रविवारांत काम उरकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात चौदा रविवार लागले.

साधने अगदी साधी होती. तीस मीटरची फीत, पाच मीटरची टेप, ओळंबा, पाणी भरलेली पारदर्शक नळी, खडू, सुताची गुंडी आणि कागद लावायला फळी. पहिल्याच दिवशी मी ओटीच्या चारही बाजू मोजून मोकळी झाले, तेव्हा तिने दोन्ही कर्ण घ्यायला लावले. चार बाजूंची लांबी ठाऊक असली तरी चौकोनाचा आकार ठरत नाही, तो काडेपेटीच्या कव्हरासारखा कलू शकतो; कर्ण घेतला की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणाला मात्र कलता येत नाही. आमच्या ओटीच्या दोन कर्णांत चार इंचांचा फरक निघाला. जी खोली मी पन्नास वर्षे काटकोनात समजत होते ती काटकोनात नव्हती, आणि त्याचे कारण बाहेर रस्त्यावर जाऊन पाहिल्यावर कळले. ओट्याची कड आळीच्या वळणाशी समांतर ठेवलेली आहे, माजघर मात्र स्वतःच्या सरळ रेषेत आहे. पुढचा भाग रस्ता पाहून बांधला गेला आणि मागचा भाग रस्त्याची फिकीर न करता, ही घराने आम्हाला दिलेली पहिली माहिती. त्या वेळी आम्ही ती नुसती नोंदवून ठेवली.

दुसरा नियम असा की मापे तुकड्यातुकड्याने घेऊन बेरीज करायची नाही. फितीचे टोक एका कोपऱ्यात धरून ठेवायचे आणि दाराची कड, चौकट, खांब, कोनाडा, पुन्हा भिंत, असे आकडे एका दमात वाचत जायचे. नाहीतर दर मापातली पाव इंचाची चूक साचत जाते. उंचीसाठी नळीतल्या पाण्याची मदत झाली. ओटीच्या जमिनीपासून एक मीटरवर खडूची खूण करून, नळीची दोन्ही टोके वरखाली करत तीच पातळी आम्ही सगळ्या घरभर फिरवली आणि प्रत्येक खोलीची जमीन, उंबरा, तुळई, आढे त्या रेषेपासून मोजले. माजघराची जमीन ओटीपेक्षा पाच इंच उंच निघाली आणि स्वयंपाकघर माजघरापेक्षा सात इंच खाली. ओळंब्याने रस्त्याकडची भिंत माथ्याशी दोन इंच बाहेर झुकलेली दाखवली. कुजलेल्या वाशांनी धरणे सोडल्यावर छपराचा भार भिंतीला बाहेर ढकलत होता.

पाचव्या रविवारी हिशेब चुकला. बोळातून ओट्यापासून परसापर्यंत घेतलेली एकूण लांबी एकीकडे आणि खोल्यांची आतली लांबी अधिक भिंतींची जाडी दुसरीकडे मांडली, तर बेरीज १ फूट ७ इंचांनी कमी पडत होती. बँकेत दिवसाअखेर रोकड जुळली नाही की जसे होते तसे मला झाले. आम्ही सगळी मापे पुन्हा घेतली, फरक तसाच राहिला. बऱ्याच उशिराने लक्षात आले की माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत आम्ही मोजलेलीच नव्हती. तिच्यात दार नाही, बोळातून वळसा घालूनच स्वयंपाकघरात जावे लागते, म्हणून तिची जाडी इतर आतल्या भिंतींसारखी नऊ इंच धरून आम्ही पुढे गेलो होतो. मामींना हे सांगत असताना माझी नजर त्यांच्या भिंतीतल्या कपाटाकडे गेली. लोणच्याच्या बरण्या ठेवायचे ते कपाट दीड फूट खोल आहे. नऊ इंचांच्या भिंतीत दीड फुटाचे कपाट कसे बसेल?

बरण्या खाली काढल्या. कपाटाच्या तळाला एक फळी होती आणि फळीखाली एका बाजूला लाकडाचे तुकडे देऊन ती समतल केलेली होती. फळी उचलली तेव्हा खालची दगडी लादी स्वयंपाकघराच्या दिशेने उतरती लागली. लादीला असा उतार कपाटात कुणी देत नाही. तो खिडकीच्या बाहेरच्या बाजूला देतात, पावसाचे पाणी आत न येता बाहेर ओघळावे म्हणून. लादीच्या मागच्या कडेला, जिथे नंतर विटांचा पडदा बांधलेला आहे, तिथे लोखंडी गज बसवण्याच्या चार भोकांपैकी दोन बोटाला लागली. म्हणजे जे आज स्वयंपाकघर आहे तिथे एके काळी उघडे अंगण होते, आणि माजघराची मागची भिंत ही घराची बाहेरची भिंत होती. २ फूट ४ इंच जाडीची. नऊ इंचांत १ फूट ७ इंच मिळवले की तेवढेच होतात. हिशेब जुळला.

मामी या घरात लग्न होऊन आल्या त्याला त्रेपन्न वर्षे झाली आणि तेवढी वर्षे त्या उतारावर फळी होती. ती कुणी बसवली हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या सासूबाईंच्या वेळीही ती होतीच.

छपराची पाळी डिसेंबरात आली. सुताराच्या माणसांनी कौले उतरवायला सुरुवात केली आणि प्रत्येक पाखेतले एक-एक कौल आम्ही उलटे करून पाहिले. मामेभावाकडच्या तुकड्यावर फक्त आकडा होता, अखंड कौलावर पूर्ण मजकूर मिळाला: बासेल मिशन टाईल वर्क्स, मंगलोर, आणि त्यासोबत १८६५. या मिशनने मंगलोरात कौलांचा पहिला कारखाना काढला तो १८६५ साली, आणि तेच साल ते आपल्या कौलांवर छाप म्हणून उमटवत राहिले. एखाद्या पेढीच्या पाटीवर स्थापनेचे वर्ष असते, तसे ते आहे. कौल १८६५चे नाही आणि घर तर नाहीच. कौलाचा काळ ठरवायला त्यावरचे नाव जास्त उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धात, जर्मनांशी संबंध असल्यामुळे, या मिशनचे उद्योग इंग्रज सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते दुसऱ्या नावाने चालले. तेव्हा मिशनच्या नावाचे कौल महायुद्धाच्या आधीचे समजायला हरकत नाही. मंगलोरहून ही कौले गलबतांतून मुंबईला येत. ठाण्याला खाडी होती आणि १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदराहून पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावून आली ती ठाण्यालाच, त्यामुळे पुढचा प्रवास अवघड नव्हता.

पण माझ्या दृष्टीने कौलांपेक्षा वासे जास्त बोलके ठरले. मंगलोरी कौल मोठे असते आणि रिपेवर अडकते, म्हणून त्याच्या रिपा साधारण साडेबारा इंचांच्या अंतराने ठोकतात. ओटीच्या आणि माडीच्या वाशांवर खिळ्यांच्या खुणा बरोबर त्याच अंतराने होत्या. माजघरावरच्या वाशांवर मात्र या खिळ्यांच्या जोडीला, चार-चार पाच-पाच बोटांवर, बांबू बांधून ठेवल्याच्या झिजलेल्या खाचांची दाट ओळ होती. तिथे आधी नळीची कौले होती. कुंभाराने चाकावर घडवलेली ही अर्धगोल कौले हलकी आणि सैल असतात, त्यांना खाली बांबूंचे जवळजवळ अंथरूणच लागते. आढ्याच्या दगडी आधाराजवळ, फटी बुजवायला म्हणून कोंबलेले त्यांचे वीस-पंचवीस तुकडेही निघाले. सुताराने आणखी एक फरक दाखवला, जो मला एकटीला कधीच दिसला नसता. माजघरावरच्या लाकडांवर हाताच्या करवतीच्या सरळ, कमीजास्त खोल रेघा होत्या आणि तिथले खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी होते. ओटीवरच्या वाशांवर यंत्राच्या गोल करवतीच्या कमानदार रेघा होत्या आणि खिळे गोल तारेचे. एकाच छपराखाली दोन घरे होती. रस्त्याला समांतर असलेले, आणि नसलेले.

मग राहिले कागद. देवघराच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत एक रुमाल होता, लाल कापडात गुंडाळलेला. त्यातले बहुतेक कागद पावत्या आणि भाडेचिठ्ठ्या निघाल्या. चार पानांचा एक मोडीतला कागद मात्र लांबलचक होता. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, जे १८९३ सालापासून चालू आहे, नेहमी येणारे एक वयोवृद्ध मोडी जाणकार आहेत. त्यांनी तो वाचून द्यायचे कबूल केले. मोडी वाचताना त्यांच्याकडे पाहत राहावेसे वाटे. आधी आडवी रेघ ओढलेली आणि मग तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता अक्षरे एकमेकांत गुंतवत नेलेली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द कुठे तुटतो याची खूण नाही. ते एक ओळ दोनदा मनात वाचत आणि मगच तिसऱ्यांदा मोठ्याने. तो कागद एका खरेदीखताची नक्कल होता: कसबे ठाणे, तालुके साष्टी, येथील जागा आणि तिच्यावरचे घर. घेणाऱ्याचे नाव माझ्या आईच्या पणजोबांचे. वरच्या ओळीत शक होता, पण नेमका तो आकडा कसरीने खाल्लेला. पुढची अक्षरे शाबूत होती: ईश्वरनाम संवत्सरे, श्रावण शुद्ध.

संवत्सरांची नावे साठ आहेत आणि ती क्रमाने फिरत राहतात, त्यामुळे नाव कळले की वर्षाला साठाच्या टप्प्यांनी मागे जाता येते. १९९७च्या गुढीपाडव्याला ईश्वर संवत्सर सुरू झाले होते. त्याआधी ते १९३७, १८७७, १८१७ आणि १७५७ साली येते. मी हे मामांना सांगितले तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता १७५७ निवडले. त्यांची निवड अगदीच अशक्य नव्हती. ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली १७३७ साली, आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकेपर्यंत ती मराठ्यांकडे राहिली. १७८२च्या सालबाईच्या तहाने ती कायमची इंग्रजांकडे गेली. आज मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो किल्ला. पुण्यात पेशवाई १८१८पर्यंत होती, म्हणून आपण सरसकट तोपर्यंतच्या प्रत्येक वास्तूला पेशवेकालीन म्हणतो, पण ठाण्यात तो काळ जेमतेम सदतीस वर्षांचा आहे. १८१७ साली पुण्याजवळ खडकीची लढाई झाली तेव्हा ठाणेकर चाळीसहून अधिक वर्षे कंपनी सरकारच्या अमलाखाली होते. या गोष्टी मी शाळेत शिकले असणार, पण आपल्याच घराचे साल शोधताना त्या पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजल्या. १७५७ मात्र त्या सदतीस वर्षांत बसत होते आणि खरे सांगायचे तर तेच निघावे, असे मलाही वाटू लागले होते.

तिसरे पान पुढच्या रविवारी वाचले गेले. त्यात चतुःसीमा होती. दक्षिणेस अमक्याचे घर, पश्चिमेस वाडी, उत्तरेस बोळ आणि पूर्वेस ‘म्युनसिपालटीचा रस्ता’. जाणकारांनी तो शब्द वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे नुसते पाहिले. ठाण्याची नगरपालिका स्थापन झाली १८६३ साली. म्हणजे १७५७ नाही आणि १८१७ही नाही. खरेदी १८७७च्या श्रावणातली, शके १७९९. आईच्या पणजोबांची हयात पाहता १९३७चा तर प्रश्नच नव्हता. मूळ पुरुषाला मिळालेले इनाम, चिमाजी अप्पांची फौज, यांचा त्या चार पानांत उल्लेख नाही. घर रोख रक्कम देऊन विकत घेतलेले आहे.

मामांना हे सांगायला मी दोन दिवस घेतले. ते त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचे होते आणि ती हकीकत त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेली होती. मी सगळा मजकूर देवनागरीत लिहून नेला आणि त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले, मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “हे काय लिहिलंय? ‘जुने घर कौलारू व विहीर बांधीव यांसुद्धा’. म्हणजे आपण घेतलं तेव्हाच ते जुनं होतं की.” मी साल शोधण्याच्या नादात ती ओळ नुसती वाचून पुढे गेले होते. खरेदीखत घर बांधल्याचे साल सांगत नाही, घर हातात आल्याचे सांगते. दाट खाचांचे वासे, घडीव खिळे आणि अठ्ठावीस इंची भिंत ज्या घराची होती, ते घर १८७७ साली जुने म्हणून विकले गेले. मंगलोरी कौलांची, रस्त्याला समांतर असलेली ओटी आणि माडी त्यानंतर, महायुद्धाच्या आधी, आमच्या लोकांनी पुढे जोडली. नगरपालिकेचा रस्ता आल्यावर घराने रस्त्याकडे तोंड केले, असे मी म्हणेन. जुन्या भागाला किती जुने म्हणायचे, याबद्दल मी नकाशावर खरेदीखतातला ‘जुने’ हाच शब्द लिहिला, त्याच्यापुढे गेले नाही.

सुरूदार खांबांचाही निकाल लागला, आणि तो मामांना आवडला नसता म्हणून मी थोडा उशिराने सांगितला. ते खांब सुंदर आहेत, खालून वर निमुळते होत गेलेले, बुंध्याशी पानांची नक्षी असलेले, मराठी वाड्यांत असतात तसे. पण त्यांच्या बाजूंना, आता ज्यांचा काहीच उपयोग नाही अशा उंचीवर, कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे खाचेत बसणारे टोक, बसवण्याच्या रिकाम्या खाचा आहेत, आणि खालचा तळखडा, म्हणजे खांब ज्यावर उभा आहे तो दगड, खांबाच्या बुंध्यापेक्षा दोन इंचांनी लहान आहे. ते दुसऱ्या कुठल्यातरी वास्तूतून इथे आणून बसवलेले आहेत. जुने सागवान त्या काळी कुणी वाया घालवत नसे. एक घर पडले की त्याच्या तुळया-खांबांचे दुसरे घर उभे राही. हे ऐकून मामा म्हणाले, “खांब तरी पेशवेकालीन असतील.” त्यांच्या त्या वाक्याला विरोध करण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि इच्छाही नव्हती.

शेवटचे काम स्वयंपाकघराच्या भिंतीचे होते. काही वर्षांपूर्वी ओल आली म्हणून एका कंत्राटदाराने त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून दिला होता आणि तेव्हापासून ओल उलट वाढली होती. याचे कारण आता मला समजते. दगड, माती आणि चुना यांची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि ते आपल्या अंगातून हळूहळू हवेत सोडते. तिच्यावर सिमेंटचा बंद थर चढवला की पाण्याला बाहेरची वाट राहत नाही, ते आणखी वर चढते, सोबत क्षार घेऊन जाते आणि जिथे सुकते तिथे भिंतीला लोणा लागतो. आमच्या भिंतीवर तो छातीइतक्या उंचीपर्यंत पोहोचला होता. गवंड्याने छिन्नीने सिमेंट काढायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. सिमेंटखाली चुन्याचा जुना गिलावा होता आणि तो एका जागी धुराने काळाकुट्ट झालेला होता. त्या काळ्या डागाच्या मागे चपट्या विटांची एक नीटस कमान दिसत होती आणि कमानीच्या आतली पोकळी जाड विटांनी चिणलेली होती, स्वयंपाकघराच्या बाकी भिंतींना आहेत तशाच विटांनी.

तेच घराचे मागचे दार. मामी पदर खोचून आल्या, काळ्या डागाकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, इथेच तर चूल होती. गॅस येईपर्यंत मी इथेच रांधलंय.” एवढ्या एका वाक्याने उरलेला उलगडा झाला. अंगण होते तिथे स्वयंपाकघर बांधले, चुलीला बाहेरच्या वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून ती जाड भिंतीला लावायची ठरली, भिंतीत होते दार, म्हणून ते चिणले, शेजारची खिडकी कपाट झाली आणि जाण्यायेण्यासाठी बोळ उरला. माझ्या आईने, मामींनी आणि त्यांच्या आधीच्या कितीतरी बायकांनी हातात गरम भांडी घेऊन त्या बोळातून दिवसाकाठी किती फेऱ्या मारल्या असतील! पंगतीच्या दिवशी माजघरात वाढप असे तेव्हा तो वळसा मीही लहानपणी घातला आहे.

त्या भिंतीला आम्ही पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. ठाण्यात चुन्याचे काम जाणणारा गवंडी सहजासहजी मिळत नाही. आम्हाला मिळाले त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. परसात खड्डा करून कळीचा चुना विरवला, तेव्हा पाणी उकळल्यासारखे खदखदले आणि मामींनी सगळ्या लहान मुलांना घरात घेतले. तीन आठवडे तो पाण्याखाली मुरू दिला, मग त्यात चाळलेली रेती, विटांची भुकटी म्हणजे सुर्खी, आणि हिरडा व गूळ भिजवलेले पाणी घालून रोज तुडवला. गवंडीबाबा थर पातळ देत आणि एक थर आवळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. भिंत दिवसातून दोनदा पाण्याने भिजवायची जबाबदारी माझी होती. चुना घाईने सुकवायचा नसतो. त्याला ओलावा ठेवून हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषू द्यावा लागतो, म्हणजे तो पुन्हा जन्माला आला त्या चुनखडीसारखा दगड होतो. कमान मात्र आम्ही झाकली नाही. तिच्याभोवती गिलाव्याची कड गोल फिरवून घेतली आणि चिणलेल्या विटा उघड्या ठेवल्या.

नकाशे मे महिन्यात पूर्ण झाले: एक जमिनीवरचा, एक माडीचा, दोन छेद, दोन दर्शनी. माझ्या मुलीच्या मैत्रिणीने ते संगणकावर काढले आणि माझ्या सांगण्यावरून भिंतींना तीन रंग दिले. १८७७च्या आधीची लाल, त्यानंतर महायुद्धापर्यंतची निळी आणि पुढची पिवळी. पिवळ्यात न्हाणीघर आणि माडीचा मागचा सज्जा, एवढेच आहे; ती दुरुस्ती माझ्या आठवणीतली आहे आणि तिच्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही. विहीर लाल रंगात आहे, कारण खरेदीखतात तिचा उल्लेख आहे. त्या नकाशांचा एक संच मामांकडे आहे, एक मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे आणि एक मामेभावाकडे आहे. इमारत नव्याने बांधून देण्याचे प्रस्ताव आळीत सतत येत असतात आणि घराबाबत पुढे काय ठरवायचे ते त्याची पिढी ठरवेल. ठरवताना हे कागद त्याच्यासमोर असावेत, अशी माझी इच्छा आहे.

गेल्या गणपतीत दर्शनाला पाहुणे आले होते. मामा सवयीने त्यांना खांबांपाशी घेऊन गेले, मी मागून ऐकत होते. चिमाजी अप्पांचे नाव त्यांनी घेतलेच, पण मग म्हणाले, “आमच्याकडे असं सांगत आले. आता कागद काय सांगतो ते ऐका,” आणि ईश्वर संवत्सर, म्युनसिपालटीचा रस्ता, सगळे तपशील एकही न चुकता सांगितले. त्यानंतर काठी टेकत ते बोळातून स्वयंपाकघरात गेले, मामींना बरण्या काढायला लावल्या, फळी स्वतः उचलली आणि पाहुण्यांपैकी एका लहान मुलाला म्हणाले, “हात लाव इथे. पाणी कुठल्या बाजूला जाईल, सांग.” मुलाने लादीवर हात फिरवला आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवले.